डॉक्टरांचा इन्डेम्निटी विमा: रक्कम ठरवण्याआधी तारीख पाहावी

इंदूरमध्ये नवे क्लिनिक थाटणारा डॉक्टर, मग ते गीता भवनाजवळ असो, विजयनगरात असो की आमच्या लोकमान्य नगरातल्या दोन खोल्यांत असो, व्यावसायिक विम्याविषयी पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतो, की पॉलिसी पन्नास लाखांची घ्यावी की एक कोटीची. प्रश्न रास्त आहे, परंतु क्रमाने तो तिसरा आहे. पहिला प्रश्न असा, की ही पॉलिसी कोणत्या तारखेपासूनच्या उपचारांना लागू होते. दुसरा असा, की ज्या दिवशी रुग्णाची नोटीस हाती पडेल त्या दिवशी ती चालू असेल काय. या दोहोंची उत्तरे समाधानकारक नसतील, तर एक कोटी हा आकडा कागदावरच राहतो. वकील म्हणून माझ्याकडे येणारे डॉक्टर पॉलिसीची रक्कम तोंडपाठ सांगतात. तिच्या आसपासच छापलेली ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या उपचारांना पॉलिसी लागू होते ती तारीख, मात्र क्वचितच कोणाला सांगता येते.

डॉक्टर मंडळी ज्याला नुसते ‘इन्डेम्निटी’ म्हणतात, त्या विम्याचे काम मर्यादित आहे. उपचारातील हयगयीमुळे रुग्णाचे नुकसान झाले असे न्यायालयाने किंवा ग्राहक आयोगाने ठरवले आणि डॉक्टरने भरपाई द्यावी असा आदेश झाला, तर ती भरपाई आणि तत्पूर्वीच्या बचावाचा खर्च पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी सोसते. दवाखान्याला आग लागणे, सोनोग्राफीचे यंत्र बिघडणे किंवा नातेवाइकांनी काचा फोडणे यांच्याशी या विम्याचा संबंध नाही. तोडफोडीसाठी मध्य प्रदेशात २००८ सालचा स्वतंत्र कायदा आहे, आणि मालमत्तेचा विमा निराळा काढावा लागतो.

डॉक्टरांवर दावे होणे ही अलीकडची टूम आहे, असे ज्येष्ठ मंडळींकडून नेहमी ऐकू येते. वस्तुतः या विषयावरचा एक पायाभूत निवाडा आपल्याच मराठी मुलखातल्या घटनेवरून आलेला आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, त्याला पुण्यास नेण्यात आले आणि तेथील उपचारांनंतर तो दगावला. वडिलांनी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष देताना घ्यावयाची काळजी. आजही हयगयीच्या प्रकरणांत युक्तिवाद घुटमळतो तो या तीन टप्प्यांभोवतीच. फरक पडला तो दाद मागण्याच्या सोयीत. नोव्हेंबर १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, आणि दिवाणी न्यायालयाची कोर्ट फी व वर्षानुवर्षांचे हेलपाटे यांमुळे जे लोक थांबत असत त्यांना एक सोपे दार उघडले.

त्या निवाड्यातील एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जेथे सर्वच रुग्णांना सेवा विनामूल्य मिळते, तेथील सेवा या कायद्याबाहेर राहते. परंतु जेथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींवर फुकट उपचार होतात, तेथे फुकट उपचार घेणारा रुग्णही ग्राहक ठरतो. रुग्णाचे बिल विमा कंपनीने किंवा त्याच्या मालकाने भरले, म्हणूनही सेवा मोफत होत नाही. तेव्हा एम. वाय. हॉस्पिटलात सकाळी शासकीय सेवा करणाऱ्या आणि सायंकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरची जोखीम दिवसाच्या दोन भागांत वेगवेगळी असते, आणि विम्याचा विचार त्याने मुख्यतः सायंकाळसाठी करायचा असतो. शासकीय रुग्णालयातील चुकीसाठी दिवाणी दावा होऊ शकतो. मात्र औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात टॉवेल राहून गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारलाच जबाबदार धरले होते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील ‘सेवे’च्या व्याख्येत आरोग्यसेवा हा शब्द स्पष्टपणे नाही, म्हणून डॉक्टर आता सुटले, असा एक समज काही दिवस पसरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो दूर केला. मे २०२४ मध्ये वकिलांना मात्र या कायद्यातून सूट मिळाली, आणि त्यानंतर काही डॉक्टर मित्रांनी मला जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

इंदूरच्या डॉक्टरांच्या दृष्टीने नव्या कायद्यातील दोन बदल विशेष महत्त्वाचे आहेत. तक्रारदार आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो. इंदूरच्या रुग्णालयांत धार, झाबुआ, बडवानी, खरगोन, देवास येथून रोज रुग्ण येतात, आणि म्हणून येथे केलेल्या शस्त्रक्रियेचा जाब खरगोनला जाऊन द्यावा लागणे सहज शक्य आहे. दुसरा बदल असा, की कोणत्या स्तरावरच्या आयोगाकडे जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, तर रुग्णाने मोजलेल्या पैशांवरून ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात, आणि उपचाराचे बिल पन्नास लाखांवर क्वचितच जाते. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. म्हणजे ऐंशी हजारांच्या बिलावर एक कोटीची भरपाई जिल्हा आयोगात, एक रुपयाही शुल्क न भरता मागता येते. पूर्वी मोठा आकडा लिहिताना तक्रारदाराचा हात थोडा अडत असे. तो अडसर आता राहिलेला नाही.

फौजदारी बाजू थोडक्यात सांगतो, कारण या विम्याचा तिच्याशी संबंध कमी येतो. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे ठरवले, की डॉक्टरला गुन्हेगार ठरवण्यासाठी साधी चूक पुरेशी नाही, हयगय ढोबळ स्वरूपाची असावी लागते, आणि कारवाईपूर्वी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरसाठी उपचारातील हयगयीने झालेल्या मृत्यूबद्दल दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. शिक्षा आणि दंड यांचा विमा नसतो. फौजदारी खटल्यातील बचावाचा खर्च काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन, ठरावीक मर्यादेपर्यंत देतात. मेडिकल कौन्सिलपुढील चौकशीचेही तसेच. हे संरक्षण हवे असेल तर ते मूळ पॉलिसीत आहे असे गृहीत धरू नये, शब्द दाखवून मागावे.

आता तारखेकडे वळू. आपल्याला परिचित असलेला मोटारीचा विमा अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी चालू असला म्हणजे पुरते. दावा पुढे कधीही येवो. डॉक्टरांचा विमा आपल्याकडे सर्वसाधारणपणे या पद्धतीने चालत नाही. तो ‘क्लेम्स मेड’ पद्धतीचा असतो आणि त्यात दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. उपचार रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतर झालेला असावा, आणि त्याविषयीचा दावा डॉक्टरवर आला त्या दिवशी पॉलिसी चालू असावी. पहिल्यांदा विमा घेताना ही रेट्रो तारीख बहुधा पॉलिसी सुरू होण्याचीच असते. दहा वर्षे व्यवसाय केल्यावर जो डॉक्टर आज पहिली पॉलिसी घेतो, त्याची मागची दहा वर्षे विम्याबाहेरच राहतात. तक्रारीची सर्वसाधारण मुदत दोन वर्षे असल्यामुळे त्यांतली शेवटची दोन वर्षे तरी खरोखर उघडी असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका अस्थिरोगतज्ज्ञाने १५ जानेवारी २०२१ रोजी पहिली पॉलिसी घेतली आणि दरवर्षी ती वेळेवर नूतनीकृत केली. जानेवारी २०२४ मध्ये घरात लग्न होते, एजंटाचा फोन राहून गेला आणि पॉलिसी २० फेब्रुवारीला पुन्हा काढली गेली. रक्कम तीच, कंपनी तीच, प्रीमियमही जवळपास तोच. परंतु मध्ये खंड पडल्यामुळे कंपनीने ती नवी पॉलिसी धरली आणि रेट्रो तारीख २० फेब्रुवारी २०२४ अशी छापली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्या रुग्णाने जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, तक्रार दाखल केली. जुनी पॉलिसी संपलेली असल्यामुळे ती उपयोगाची नाही, कारण दावा तिच्या काळात आला नाही. नवी पॉलिसी दाव्याच्या दिवशी चालू आहे, परंतु शस्त्रक्रिया तिच्या रेट्रो तारखेच्या आधीची आहे. चार वर्षे प्रीमियम भरलेला डॉक्टर या एका प्रकरणात विमा नसलेल्या डॉक्टरच्याच रांगेत उभा राहतो, आणि त्याला कारण पाच आठवड्यांचा खंड.

पॉलिसी बंद झाल्यानंतर मागच्या घटना कळवण्यासाठी अनेक कंपन्या नव्वद दिवसांची वाढीव मुदत देतात. मात्र तिलाही अटी असतात, आणि दुसरी पॉलिसी चालू असेल तर ती सवलत सहसा मिळत नाही. वरच्या उदाहरणात तक्रारच वर्षभराने आली, म्हणून ही मुदत कामाची नव्हती. शिवाय प्रीमियम कंपनीकडे जमा झाल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही, ही विमा कायद्याचीच अट आहे. तेव्हा ‘एजंटाला चेक देऊन ठेवला होता’ या वाक्याला फारसा आधार नसतो. माझा सल्ला असा, की नूतनीकरणाची तारीख एजंटाच्या आठवणीवर सोडू नये. नर्सिंग होमच्या परवान्याची तारीख जशी भिंतीवर लावलेली असते, तशीच हीही लावावी.

कंपनी बदलण्यास हरकत नाही. फक्त नव्या कंपनीकडून पहिल्या पॉलिसीची रेट्रो तारीख कायम राहील असे लेखी घ्यावे, त्यासाठी जुन्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती द्याव्या, आणि नवी पॉलिसी हाती आल्यावर ती तारीख स्वतः डोळ्यांनी पाहावी. प्रीमियममध्ये दोन हजारांची बचत दाखवून तारीख पुढे ढकलणारा प्रस्ताव महागात पडतो. रक्कम वाढवतानाही असाच एक बारकावा आहे: पंचवीस लाखांची पॉलिसी एक कोटीची केली, तर वाढीव पंच्याहत्तर लाख जुन्या उपचारांना लागू होतील की वाढ केलेल्या दिवसानंतरच्या उपचारांनाच, हे कंपनीला विचारून घ्यावे.

एवढे झाल्यावर रकमेचा प्रश्न. पॉलिसीवर दोन मर्यादा असतात, एका घटनेसाठीची आणि वर्षभरातील सर्व घटना मिळून, आणि त्यांचे परस्पर प्रमाण एकास एक, एकास दोन, एकास तीन किंवा एकास चार असे असते. एजंट ‘एक कोटीची पॉलिसी’ म्हणतो तेव्हा तो बहुधा वर्षाची मर्यादा सांगत असतो. प्रमाण एकास चार असेल तर एका रुग्णाच्या दाव्यासाठी हाती फक्त पंचवीस लाख असतात. एकाच डॉक्टरवर एका वर्षात चार मोठे दावे येण्याची शक्यता फार थोडी, आणि एक मोठा दावा येण्याची शक्यता त्याहून कितीतरी अधिक. म्हणून बहुतेक डॉक्टरांना एकास एक प्रमाण अधिक उपयोगाचे, असे माझे मत आहे. प्रीमियम त्यात थोडा अधिक पडतो.

किती रक्कम पुरेशी, याचे उत्तर डॉक्टरने स्वतःच्या उत्पन्नाकडे पाहून देऊ नये. भरपाई ठरते ती रुग्णाचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे आणि पुढे लागणाऱ्या उपचारांचा खर्च यांवरून. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या तरुणाला कायमचे अपंगत्व आले, तर होणारी भरपाई आणि सत्तरीच्या निवृत्त गृहस्थांच्या बाबतीतली भरपाई यांत मोठे अंतर असते, उपचार करणारा डॉक्टर एकच असला तरी. कोलकात्याच्या साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई आणि त्यावर सहा टक्के व्याज मंजूर केले. मृत महिला तरुण होती आणि पतिपत्नी अमेरिकेत राहत होते. तो आकडा अपवादात्मक आहे आणि त्यातील बहुतांश भार रुग्णालयावर पडला, म्हणून त्याकडे पाहून घाबरून दहा कोटींची पॉलिसी काढण्याचे कारण नाही. परंतु आपल्या खुर्चीसमोर कोणत्या वयाची, कोणत्या कमाईची माणसे बसतात आणि आपल्या शाखेत चूक झाल्यास परिणाम किती टिकाऊ असतो, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ, मेंदू व मणक्याचे शल्यविशारद यांनी तो अधिक कठोरपणे करावा.

व्याज ही या हिशेबातली विसरली जाणारी बाब आहे. समजा, आयोगाने चाळीस लाखांची भरपाई तक्रारीच्या तारखेपासून नऊ टक्के व्याजासह दिली आणि निकालास सहा वर्षे लागली. सरळव्याजाने एकवीस लाख साठ हजार रुपये वाढतात आणि देणे एकसष्ट लाखांवर जाते. त्यात वकिलाची फी आणि तज्ज्ञांच्या मतांचा खर्चही असतो. अनेक पॉलिसींत बचावाचा खर्च त्याच मर्यादेतून वजा होतो. काहींत तो वेगळा मिळतो. पन्नास लाखांची पॉलिसी येथे अपुरी पडते, जरी भरपाईचा मूळ आकडा तिच्या आतला होता. अपील करायचे झाल्यास पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे, म्हणजे भोपाळला, जावे लागते आणि आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ही निम्मी रक्कम विमा कंपनी भरेल की डॉक्टरला आधी स्वतःच्या खिशातून भरावी लागेल, हे पॉलिसी घेतानाच विचारावे. प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम डॉक्टरने सोसायची असते, तिला ‘एक्सेस’ म्हणतात. ती किती, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

कोणत्या गोष्टी वगळल्या आहेत, ते पान सर्वांत कंटाळवाणे असते आणि म्हणून वाचले जात नाही. सौंदर्यवर्धनासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी, वजन घटवण्याचे उपचार, नशेत केलेले उपचार, एचआयव्हीशी संबंधित दावे आणि दवाखान्याबाहेर, रुग्णालयाच्या सोयीशिवाय पूर्ण भूल देऊन केलेली दंतशस्त्रक्रिया ही बहुतेक पॉलिसींतली नेहमीची वगळलेली कामे आहेत. जो त्वचारोगतज्ज्ञ आता अर्धा दिवस केस रोपण, बोटॉक्स आणि लेसर यांतच घालवतो, त्याने जुनी, साध्या त्वचारोगतज्ज्ञाची पॉलिसी तशीच चालू ठेवली असेल, तर त्याचा अर्धा दिवस विम्याबाहेर असण्याची शक्यता आहे. अशा कामांसाठी कंपनीकडून वेगळे, लेखी संरक्षण मागावे.

‘कायद्याचे उल्लंघन करून केलेले कृत्य’ हेही बहुतेक ठिकाणी वगळलेले असते, आणि हा शब्दप्रयोग दिसतो त्यापेक्षा रुंद आहे. गर्भलिंगनिदानाचा कायदा मोडणारा त्यात येतो हे उघड आहे. परंतु मध्य प्रदेशच्या १९७३ च्या उपचर्यागृह कायद्याखालील नोंदणी संपलेली असताना नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया झाली, तर कंपनी याच कलमाकडे बोट दाखवू शकते. पदवीबाहेरचे उपचार हा त्याचाच दुसरा प्रकार. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते कृत्यच हयगय ठरवले. रात्रपाळीला आयुष पदवीधर ठेवणाऱ्या रुग्णालयांनी, आणि त्या पाळ्या करणाऱ्या तरुण डॉक्टरांनीही, ही ओळ दोनदा वाचावी.

संरक्षण कोणाला आहे, हा यापुढचा मुद्दा. डॉक्टरच्या व्यक्तिगत पॉलिसीत त्याच्या नर्स, कंपाउंडर आणि तंत्रज्ञ यांच्या चुकांचा समावेश असतोच असे नाही. असला तर तो जादा प्रीमियमवर आणि शिकलेल्या व न शिकलेल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दराने असतो. नर्सने चुकीचे इंजेक्शन दिल्यामुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली, त्या दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रुग्णालयाला जबाबदार धरले होते. तेव्हा ज्याचे स्वतःचे नर्सिंग होम आहे, त्याला दोन पॉलिसी लागतात, एक स्वतःच्या नावाची आणि एक संस्थेच्या नावाची. पतिपत्नी दोघेही डॉक्टर असून एकच पॉलिसी पतीच्या नावाने आहे, असे आपल्या कुटुंबांत पुष्कळदा आढळते. तक्रारीत मात्र नावे दोघांचीही येतात. जो डॉक्टर तीन-चार रुग्णालयांत व्हिजिटवर जातो त्याने ‘रुग्णालयाचा विमा आहे’ या तोंडी आश्वासनावर राहू नये. ती पॉलिसी संस्थेचे रक्षण करते. तिच्यात भेटीवर येणाऱ्या डॉक्टरचे नाव आहे की नाही ते पाहिल्याशिवाय कळत नाही. सुटीवर जाताना दुसऱ्या डॉक्टरला बसवले, किंवा फोनवरून आणि व्हिडिओवरून रुग्ण पाहिले, तर तेही पॉलिसीत बसते काय हे विचारावे. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० मध्ये आली. त्याआधीच्या नमुन्यावर छापलेल्या पॉलिसीत त्याविषयी काहीच नसण्याची शक्यता असते.

विमा विकणाऱ्यांचेही दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. एक विमा कंपन्या: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या, आणि अनेक खाजगी. दुसरे, कायदेशीर मदतीचे पॅकेज विकणारे आणि डॉक्टरांच्या संघटनांचे परस्पर साहाय्य निधी. दुसऱ्या प्रकारचे लोक वकील देतात, नोटिशीला उत्तर लिहून देतात, आणि पहिल्या नोटिशीने हातपाय गार पडलेल्या डॉक्टरला त्याचे मोल असते. परंतु ते विमा कंपनी नसतात. भरपाई कोण देणार हे त्यांना विचारावे, आणि उत्तर ‘विमा कंपनी’ असेल तर पॉलिसीची स्वतःच्या नावाची मूळ प्रत मागावी. केवळ सदस्यत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावर छापलेला मोठा आकडा म्हणजे पॉलिसी नव्हे.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरावा, निदान सही करण्याआधी पूर्ण वाचावा. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, म्हणजे विमा घेणाऱ्याने जोखमीविषयी माहीत असलेले सारे खरे सांगायचे असते. मागील दावे, आलेल्या नोटिसा आणि ज्यातून दावा उद्भवू शकेल अशा माहीत असलेल्या घटना, यांविषयी विचारले असता ‘नाही’ असे एजंटाने लिहून टाकले तरी सही डॉक्टरची असते. कोणते काम करतो हेही नेमके लिहावे. फिजिशियन म्हणून प्रीमियम भरायचा आणि एंडोस्कोपी करायची, ही काटकसर दाव्याच्या दिवशी उघडी पडते.

पॉलिसी चालू असताना एखादा रुग्ण अनपेक्षितपणे दगावला, नातेवाईक केस पेपरच्या प्रती मागू लागले किंवा वकिलाचे पत्र आले, तर त्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवावे. पुष्कळ पॉलिसींत अशी तरतूद असते, की मुदतीत कळवलेल्या आणि कंपनीने नोंदवून घेतलेल्या घटनेचा दावा पुढे आला तरी तो त्याच मुदतीतला मानला जातो. कळवल्याने प्रीमियम वाढेल या भीतीने डॉक्टर गप्प राहतात आणि हा लाभ घालवतात. तक्रारीची प्रत मिळाल्यावर उत्तर देण्यास तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीची मंजुरी, वकिलाची नेमणूक आणि तज्ज्ञाचे मत हे सारे या पंचेचाळीस दिवसांत व्हायचे असते. याच काळात फी परत करणे, ‘आमची चूक झाली’ असे लिहून देणे किंवा परस्पर तडजोड करणे टाळावे, कारण कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली कबुली पॉलिसीची अट मोडते. रुग्णाच्या घरच्यांशी माणुसकीने बोलू नये, असा याचा अर्थ नाही.

आणि कागद. २००२ च्या व्यवसायनीतीच्या नियमांनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे ठेवावी लागतात आणि मागणी झाल्यास बहात्तर तासांत द्यावी लागतात. तीन वर्षे ही किमान मर्यादा आहे. नंतर भरलेली वेळ, वेगळ्या शाईत घातलेली ओळ, भूल देण्याआधीच्या तपासणीची कोरी चौकट, यांनी हरलेली प्रकरणे विम्याने जिंकता येत नाहीत.

प्रीमियमवर अठरा टक्के जीएसटी लागतो. प्रीमियम हा व्यवसायाचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होतो. मात्र जे डॉक्टर अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने, जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून, कर भरतात त्यांना हा खर्च वेगळा दाखवता येत नाही. कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी जावे लागते. मध्य प्रदेशासाठीच्या विमा लोकपालाचे कार्यालय भोपाळला आहे आणि पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे जातात. प्रकरण त्या नियमांत बसते की नाही ते तपासून घ्यावे. ग्राहक आयोगाचे दारही मोकळे आहे, कारण विमा घेणारा व्यावसायिक असला तरी तो ग्राहक ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. ज्या आयोगापुढे डॉक्टर एरवी विरुद्ध पक्ष म्हणून उभा राहतो, तेथेच तो तक्रारदार म्हणून जातो.

शेवटचा मुद्दा निवृत्तीचा. पासष्टीला दवाखाना बंद केला म्हणजे विमाही बंद, असे बहुतेक जण करतात. क्लेम्स मेड पद्धतीत हे धोक्याचे आहे, कारण शेवटच्या वर्षी पाहिलेला रुग्ण पुढील दोन वर्षांत केव्हाही तक्रार करू शकतो आणि त्या दिवशी पॉलिसी नसेल. प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यासाठी हा काळ आणखी लांबतो. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाची मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजली जाते, त्यामुळे जन्मावेळच्या इजेचा दावा वीस वर्षांनीही येऊ शकतो. व्यवसाय थांबवण्याच्या सहा महिने आधी कंपनीला पत्र लिहून निवृत्तीनंतरच्या काळासाठी कोणते संरक्षण मिळेल, किती वर्षांसाठी आणि किती प्रीमियममध्ये, हे विचारावे. ते मिळत नसेल, तर निदान दोन-तीन वर्षे पॉलिसी खंड न पाडता चालू ठेवावी, आणि सर्व जुन्या पॉलिसींची फाइल कोठे आहे हे मुलांना दाखवून ठेवावे.